योकोते कामाकुरा: गेलात तर रात्री जा, आणि घाई करू नका

जपानच्या अकिता प्रांतात योकोते नावाचं शहर आहे, तिथे दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्याला कामाकुरा नावाचा बर्फाचा उत्सव असतो. कामाकुरा म्हणजे बर्फ दाबून बांधलेली, आतून पोकळ घुमटासारखी घरं, माणसापेक्षा चांगलीच उंच, आणि प्रत्येकाच्या आत समोरच्या भिंतीत कोरलेला जलदेवतेचा छोटा देव्हारा. टोकियोहून शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) ओमागारी, तिथून लोकल गाडी पकडायची. आतली मुलं हाक मारतात, "हाइत्ते तान्से, ओगान्दे तान्से", म्हणजे आत या, पाया पडा. बूट काढून आत बसलो, देवापुढे नाणी ठेवली तर एका लहान मुलीने दोन्ही हातांनी आमाझाके दिलं, तांदूळ आंबवून केलेलं गोडसर गरम पेय, आपल्या पातळ खिरीच्या जवळ जाणारं पण मागे किंचित आंबूस चव. शेगडीवर मोची, म्हणजे चिकट तांदळाची वडी, फुगत होती, वरून करपलेली आणि आतून चिकट, मला फार आवडली. बाहेर एवढी थंडी पण आत वारा नाही त्यामुळे खरंच ऊब लागते.

नदीकाठी छोटे छोटे कामाकुरा, प्रत्येकात एक मेणबत्ती, ते बघताना मी अर्धा तास नुसता उभा होतो.

तक्रार एकच, आम्ही जिथे मुक्कामाला होतो तिथले लोक गाडीने सोडतो म्हणाले आणि आलेच नाहीत, निसरड्या रस्त्याने चालत जावं लागलं. म्हणून बर्फात चालायचे, खाली पकड असलेले बूट घ्याच आणि खोली महिनोन् महिने आधी बुक करा. मी पुढच्या वर्षी आईला घेऊन जाणारे.