वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय पहिला मुक्काम: कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यावी की घरच्या गाडीत तंबू टाकून निघावं?

मराठवाड्यात कॅम्परव्हॅनने दोन रात्री काढायचा बेत करणारे बहुतेक जण आधी विजेचं विचारतात. फ्रिज चालेल का, एसी चालेल का, मोबाईल चार्ज होतील का. आपल्याकडे ऊन मुबलक आहे, विजेचं जमून जातं. अडतं ते पाण्यावर. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो हा मुलूख. म्हणून व्हॅन की तंबू हे ठरवताना मी पाण्याचा हिशोब आधी मांडते.

दोन पर्याय समोर धरू. पहिला, टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेली भाड्याची कॅम्परव्हॅन: आत झोपायची जागा, ओटा, पाण्याची टाकी, छोटा संडास. दुसरा, घरची गाडी, जमिनीवर लावायचा तंबू, पाण्याचे जार आणि घरून चार्ज करून नेलेलं पॉवर स्टेशन, म्हणजे प्लग लावता येणारी मोठी बॅटरी. गाडीच्या टपावरचा तंबूही मिळतो, पण तोच ५०-६० किलोचा असतो आणि बऱ्याच छोट्या गाड्यांचं छप्पर चालत्या गाडीत तेवढंच वजन कसंबसं पेलतं. पहिल्या खेपेला त्या खर्चात पडू नका.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कचीही कल्पना आहे. तरी गाडी लावली, प्लग खोचला, नळाला पाईप जोडला अशी सोय जिथे जाऊ तिथे असेल असं धरून निघू नका. संभाजीनगर ते नांदेड, बीड ते धाराशिव, सगळीकडे आपलं आपल्यालाच बघायचं आहे.

पाणी

काटकसरीने राहिलं तर माणशी दिवसाला १२ ते १५ लिटर लागतात. चारेक लिटर प्यायला, तेवढेच स्वयंपाकाला आणि भांड्यांना, उरलेले हातपाय-तोंड धुवायला आणि ओल्या फडक्याने अंग पुसायला. अंघोळ धरली की माणशी एक बादली वाढली. चार माणसं, दोन दिवस, अंघोळ नाही: साधारण १०० लिटर. व्हॅनची टाकी १०० लिटरची असेल तर ती एवढ्यातच संपते. शॉवर दिसला म्हणून कुणी चार मिनिटं त्याखाली उभं राहिलं, तर तीसेक लिटर एका माणसात गेले. व्हॅनमध्ये पाणी किती उरलंय ते डोळ्यांना दिसत नाही, ही तिची खरी अडचण. नळ सोडला की येतंय, एवढंच कळतं, आणि मग भांडी अर्धी घासून झालेली असताना पंप घरघरायला लागतो आणि नळातून नुसती हवा येते.

जारचं उलट आहे. २० लिटरचा जार अर्ध्यावर आला की सगळ्यांना दिसतो, मुलंसुद्धा तांब्या जपून बुडवतात. आणि जार पाण्यापाशी नेता येतो. गावच्या हापशावर, फिल्टरच्या प्लांटवर, कुणाच्या हौदावर, कुठेही भरता येतो. व्हॅनची टाकी भरायची तर पाईप लागतो, आणि पाण्याला जोरही लागतो. शेतात तो जोर मोटार चालू असतानाच मिळतो, आणि मोटार चालू होते ती थ्री फेज लाईट आल्यावर. ती कधी दिवसाची असते, कधी रात्रीची. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, गाडी लावून ‘पाणी भरू का’ विचारलं की ‘रात्री अकराला लाईट येती, मग भरून घ्या’ असं उत्तर येऊ शकतं, आणि मग अकरा वाजता टॉर्च धरून पाईपपाशी उभं राहावं लागतं. म्हणून व्हॅन घेतली तरी दोन रिकामे जार, एक मोठं नरसाळं आणि २० मीटर स्वच्छ पाईप सोबत असू द्या. टाकीचं पाणी वापरायला, जारचं प्यायला. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी क्षाराचं असतं आणि भाड्याच्या गाडीची टाकी आतून कधी धुतली होती ते आपल्याला माहीत नसतं.

वजनही बघा. १०० लिटर म्हणजे १०० किलो. चार माणसं आणि सामान भरलेल्या घरच्या गाडीत पाच जार घालू नका. तीन पुरेत, रोज सकाळी भरून आणा. व्हॅनला हे वजन पेलतं, पण तिथेही टाकी मुक्कामाच्या जवळच्या गावात भरलेली बरी.

एक गोष्ट मात्र पाळाच. ज्या गावाला टँकरने पाणी येतं, तिथल्या आडावर किंवा हौदावर आपला पाईप लावायचा नाही, कुणी आग्रहाने ‘भरा’ म्हटलं तरी नाही. तालुक्याच्या गावात पैसे देऊन भरा.

पाणी वाचतं ते स्वयंपाकात. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, ठेचा घरून न्या. पहिला दिवस भांडी न खरकटवता निघतो. पत्रावळी न्या, कढई आधी कागदाने पुसून मग धुवा. या बाबतीत दोन्ही पर्याय सारखेच, फक्त व्हॅनमध्ये ओटा आहे म्हणून पूर्ण स्वयंपाक करायचा मोह होतो.

वीज

इथे व्हॅन सरळ पुढे आहे. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे १२८० वॉट-तास (हजार वॉट-तास म्हणजे वीजबिलातलं एक युनिट). २० वॉटचे दोन डीसी पंखे नऊ तास चालवले तर ३६०, दिवे आणि मोबाईल मिळून शंभर-सव्वाशे, छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसभरात ४०० ते ६००. म्हणजे एक दिवस-रात्र निघते, आणि टपावर २०० वॉटचं पॅनल असेल तर स्वच्छ उन्हात दिवसभरात ८०० च्या आसपास परत मिळतात. पॅनलवर धूळ बसू देऊ नका. कच्च्या रस्त्याने आलात की ओल्या फडक्याने पुसून घ्या. बॅटरी साध्या लेड-ॲसिडची असेल तर लिहिलेल्या क्षमतेच्या निम्मीच वापरायची, हे गाडी घेताना विचारून ठेवा.

तंबूवाल्याला ५०० वॉट-तासांचं पॉवर स्टेशन पुरतं. एक पंखा, एक दिवा, मोबाईल: रात्रीला पावणेतीनशे. दुसऱ्या दिवशी गाडी चालवताना ते गाडीतून थोडंफार भरून निघतं. फ्रिज नाही. बर्फाचा डबा न्या आणि दूध रोज ताजं घ्या, आखाड्यावर दुधाला तोटा नसतो.

इंडक्शन दोघांनीही विसरायचं. पंधरा मिनिटांच्या चहालाच पावणेचारशे वॉट-तास जातात. पाच किलोची छोटी गॅस टाकी आणि शेगडी घ्या, माळावरच्या वाऱ्यासाठी आडोशाला पत्रा घ्या. गॅस पेटवायचा तो बाहेर, नाहीतर व्हॅनच्या खिडक्या सताड उघड्या ठेवून. तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी, निखारे काहीही नको.

आणि एसी? एक टनाचा एसी रात्रभरात पाचेक युनिट सहज खातो, म्हणजे वर सांगितलेल्या चार-पाच बॅटऱ्या. म्हणून जोडणीशिवाय एसी नाही, असं धरूनच महिना निवडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध उत्तम. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि व्हॅनचा पत्रा रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो. तेव्हा दोन्ही पर्याय नकोत. एसीसाठी इंजिन चालू ठेवून तर कधीच झोपू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

संडास

घरात गुडघे दुखणारे आई-वडील असतील, किंवा बायका-मुलींना उघड्यावर जायला लावायचं नसेल, तर इथेच निर्णय व्हॅनकडे झुकतो, बाकी तुलना मग दुय्यम. पण व्हॅनच्या संडासाची खालची पेटी साधारण १८-२० लिटरची असते. चार माणसांत ती दोन दिवसांत भरते आणि ती रिकामी आपल्यालाच करायची असते. ओढ्यात, बांधावर, विहिरीच्या आसपास अजिबात नाही. ज्यांच्याकडे उतरलात त्यांना विचारून त्यांच्या संडासात ओता. तंबूवाल्यांनी वीतभर खोल खड्डा, पाण्यापासून किमान साठ मीटर लांब, आणि वर माती. आडोशासाठी छोटा उभा तंबू मिळतो, तो घ्याच.

जमीन

गाडी लावायची ती मुरमाड माळावर. काळ्या मातीवर पावसाच्या नुसत्या सरी पडल्या तरी व्हॅनची चाकं रुततात आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. हिवाळ्याच्या शेवटी अवकाळी आणि गारपीट इथे नवी नाही, त्यामुळे फेब्रुवारीतही ढग बघून जागा निवडा. तंबूला मुरमात साधे खुंटे वाकतात. जाड लोखंडी खुंटे आणि हातोडी लागते. व्हॅनवाल्यांनी वरही बघायचं: पांदणीवर आडव्या आलेल्या बाभळीच्या फांद्या आणि शेतात लोंबणाऱ्या विजेच्या तारा.

रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते आणि ते कित्येकदा कळतही नाही. त्यामुळे तंबू घ्याल तो खालून शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणाराच, आणि चेन एक मिनिटही उघडी नको. बूट सकाळी झटकून घाला, विंचू बसतो. १०८ नंबर सगळ्यांना पाठ हवा आणि जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कुठे आहे ते अंधार पडायच्या आत बघून ठेवा. उसाच्या फडाला लागून मुक्काम नको, बिबट्या तिथेच दडतो. या बाबतीत व्हॅन नक्कीच निर्धास्त.

रस्त्यावर मात्र घरची गाडी बरी. गाळपाच्या दिवसांत बीड, लातूर, धाराशिवच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात, कित्येकींना मागे दिवा नसतो. ओळखीची नसलेली उंच व्हॅन घेऊन त्यांच्यामागे सापडू नका. दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचा.

मग काय घ्यावं?

दोघं-तिघं धडधाकट असाल, तर माझं मत तंबूकडे. पैसे कमी, पाणी कुठूनही भरता येतं, आणि नाही जमलं तर तासाभरात घरी. सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर व्हॅन, पण दोनच रात्रींसाठी, आणि पहिली रात्र ओळखीच्या आखाड्यावर.

जागेचं म्हणाल तर म्हैसमाळची हवा थंड आहे, पण पाण्याची सोय आधी बघा. पैठणचा नाथसागर मोहात पाडतो. तो पक्षी अभयारण्य आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय काठावर मुक्काम नाही. गौताळा, येडशी या अभयारण्यांचंही तेच. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, वाटेत ते करायचं असेल तर दिवस त्याप्रमाणे धरा. औंढा किंवा तुळजापूर वाटेत असेल तर शेवटच्या दिवशी भक्तनिवासात खोली घेऊन सगळ्यांनी अंघोळी उरका. कुठेही राहिलात तरी गावच्या पोलीस पाटलांना आधी भेटा. रात्री कुणी चौकशीला आलं की त्यांचं नाव सांगता येतं.

व्हॅन ठरवलीत तर ताब्यात घेताना नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात; पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विमा नाकारला जाऊ शकतो. मग टाकीत पाणी भरायला लावा, सगळे नळ सोडून बघा, गाडीखाली वाकून गळती बघा, संडासाची पेटी स्वतः काढून परत बसवा. पंखा, फ्रिज, दिवे एकत्र लावून अर्धा तास तिथेच थांबा आणि बॅटरीचा आकडा किती उतरतो ते वहीत लिहून घ्या.