आमचा एम-४१६: जुना लष्करी ट्रेलर कुटुंबाच्या कॅम्पिंगसाठी वापरल्यानंतरचा अनुभव

जुना लष्करी ट्रेलर घेऊन कॅम्पिंगसाठी तयार करायचा विचार असेल, तर माझं पहिलं सांगणं हे की त्याचा हौदा कापू नका. बाकी काय हवं ते बदला. आमच्याकडे अमेरिकन सैन्यातून बाद झालेला एम-४१६ आहे. गंज काढून, पत्रा बदलून, वायरिंग नव्याने ओढून आम्ही तो रस्त्यावर आणला, त्याला आता बरेच महिने झाले. चिखल, धूळ, नदीकाठची वाळू, डोंगरातली अरुंद वळणं, सगळीकडे तो फिरला आहे. आम्ही दोघं, दोन मुलं, आणि जमेल तेव्हा सासूबाई, असा आमचा काफिला असतो. लोखंडाची कामं नवऱ्याची. वायरिंग, कापड आणि सामानाची मांडणी माझी. त्यामुळे खाली लिहिलेलं बहुतेक सगळं आमच्या हाताखालून गेलेलं आहे.

हा ट्रेलर असा का आहे, हे कळलं की त्याच्याशी कसं वागायचं तेही कळतं. १९४० साली जीपचा पहिला नमुना अमेरिकन बँटम या कंपनीने बनवला, पण जीप बनवायचं मोठं काम गेलं विलिस आणि फोर्डकडे. बँटमने पुढे युद्धकाळात जीपमागे ओढायचे पाव टनी ट्रेलर बनवले. विलिसचेही होते. हौदा होडीसारखा चारी बाजूंनी बंद, पाण्यावर तरंगणारा, तळाला पाणी सोडायची दोन बुचं, आणि चाकं जीपचीच, म्हणजे एक स्टेपनी दोघांना चालावी. युद्धानंतर एम-१०० आला आणि १९६० च्या दशकात एम-४१६. आकार थोडाफार बदलला, मूळ विचार तोच राहिला.

या बंद हौद्याला मागे फाळका नाही. सामान वरून, काठावरून आत टाकायचं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, मागची भिंत कापून बिजागऱ्या लावल्या की किती सोय होईल! खूप जण तसं करतातही. आम्ही केलं नाही, आणि दर वेळी खडकाळ वाटेवर त्याचं समाधान वाटतं. चारी भिंती एकमेकींना धरून असल्यामुळे हौदा पिळवटत नाही. एक भिंत कापली की तो ताण सांध्यांवर जातो आणि मग वेगळी चौकट जोडून वजन वाढवावं लागतं. वजनाचा तर इथे मुख्य हिशेब आहे. याची भार वाहायची क्षमता पाव टन, म्हणजे अमेरिकन टनाचा पाव, ५०० पौंड, सुमारे २२७ किलो. रिकामा ट्रेलर अडीचशे किलोंच्या थोडा वर भरतो. २२७ हा आकडा कच्च्या वाटेसाठी दिलेला आहे आणि आम्ही तो सगळीकडे पाळतो.

आता रंगाबद्दल, कारण घरात मुलं असणाऱ्यांनी हे आधी वाचायला हवं. जुन्या लष्करी रंगांच्या थरांत शिसं असू शकतं. शिवाय १९८० च्या दशकापासून अमेरिकन सैन्याने वाहनांना रासायनिक अस्त्रांपासून बचाव करणारा एक खास रंग लावायला सुरुवात केली. तो कोरडा घासला किंवा तापवला तर त्याची धूळ आणि वाफ फुप्फुसांना घातक असते. आमच्या ट्रेलरवर तीन रंगांचे पट्टे होते, म्हणजे तो त्या काळात पुन्हा रंगवलेला असणार, असं धरूनच आम्ही चाललो. ग्राइंडर नाही, गॅसची ज्योत नाही. रंग काढायचं द्रावण लावून, ओलं घासून, चांगल्या प्रतीचा फिल्टर असलेला मास्क घालून काम केलं. खरवड गोळा करून वेगळी ठेवली आणि घातक कचरा म्हणून दिली. वेल्डिंगच्या जागी आजूबाजूचा रंग हातभर आधीच उतरवला. मुलांना या टप्प्यात ट्रेलरजवळ येऊ दिलं नाही. त्यांच्यासाठी पुढे कामं भरपूर निघाली.

काही देशांत खासगी वाहनाला लष्करी हिरवा रंग लावायला मनाई आहे, तेव्हा नवा रंग घेण्याआधी तुमच्याकडचा नियम बघून घ्या. आमचा आता फिका मातकट आहे. उन्हात हौदा कमी तापतो, हा फायदा मला आधी सुचलाही नव्हता.

गंज कुठे असतो? दिसतो तिथे कमी आणि दोन पत्रे एकमेकांवर बसतात तिथे जास्त. हौद्याचा तळ आणि खालचे आडवे पट्टे यांच्या फटीत वर्षानुवर्षं पाणी साठलेलं असतं. ट्रेलर घेताना खाली झोपून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या फटी टोचून बघा. बुचांभोवतीचा पत्राही तसाच बघा. आमच्या तळाचे दोन कोपरे बदलावे लागले, बाकी हौदा ठणठणीत निघाला. लहान भाग, म्हणजे कड्या, बिजागऱ्या, हँडब्रेकचे लिव्हर, आम्ही धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरचा प्रवाह सोडून गंजमुक्त केले. यात एक पथ्य: दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील अजिबात लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. साधं लोखंड लावा, आणि हे काम उघड्यावर करा, कारण त्यात हायड्रोजन निघतो.

पाट्यांच्या स्प्रिंगबद्दल बरीच मतं ऐकायला मिळतात. एक-दोन पाटे काढून टाका, चाल मऊ होईल, असं अनेकांनी सांगितलं. आम्ही सगळे पाटे सुटे करून, मधला गंज काढून, बुश नवे घालून होते तसे परत बसवले. रिकामा ट्रेलर खड्ड्यावरून उडतो, हे खरं आहे. पण त्यावरचा उपाय पाट्यांत नसून टायरच्या हवेत आहे. भार कमी असेल तर हवा थोडी कमी ठेवायची आणि थांबल्यावर टायर फार तापला नाही ना, हे बघायचं. पूर्ण भरलेला असताना हाच ट्रेलर इतका शांत चालतो की मागे काही आहे हे विसरायला होतं.

बेअरिंगला मात्र कसलीच सूट देऊ नका. हब उघडून, जुनं वाळलेलं ग्रीस धुऊन, सील नवी घालून, बेअरिंगच्या रोलरांमध्ये ग्रीस दाबून भरा. नट चाक फिरवत घट्ट करायचा आणि मग थोडा मागे घ्यायचा. पहिल्या लांबच्या प्रवासात दर थांब्यावर हबवर हात ठेवा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका. ही सवय आमच्या थोरलीने उचलली आहे, गाडी थांबली की ती आधी हबकडे जाते.

टायर जुने लष्करी ७.००-१६ होते, रुंद आडव्या ठोकळ्यांच्या नक्षीचे. नक्षी जवळपास नवी, पण बाजूच्या भिंतींवर भेगा. उभ्या वाहनाचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, म्हणून नक्षीवर जाऊ नका, तारीख वाचा. २००० सालापासूनच्या टायरवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. एम-४१६ ची चाकं साडेपाच इंची वर्तुळावर पाच बोल्टची आहेत, आणि आमच्या गाडीचीही तीच. त्यामुळे दोन्हीकडे एकाच मापाचे रेडियल टायर आणि एकच स्टेपनी. मूळ आराखड्यातली ही गोष्ट इतक्या वर्षांनीही कामाला येते, याचं मला अजून अप्रूप वाटतं. आणखी एक सूचना: काही जुन्या लष्करी रिम नटांनी जोडलेल्या दोन भागांच्या असतात. तशी रिम असेल तर टायरमधली सगळी हवा सोडल्याशिवाय त्या नटांना पाना लावायचा नाही. आत हवा असताना नट सोडले तर रिम जीवघेण्या जोराने फुटते.

जोडणीसाठी पुढे जाड लोखंडी कडी आहे, ती गाडीच्या मागच्या लष्करी हुकात अडकते. बदलून साधा गोळ्याचा हूक लावावा का, यावर आमच्या घरात बराच खल झाला. कडी ठेवली. सपाट रस्त्यावर ब्रेक लावला की 'खट्' असा आवाज येतो, कारण कडीत आणि हुकात थोडी ढील असतेच. सासूबाईंना तो आवाज सुरुवातीला नकोसा व्हायचा. पण गाडीचं एक चाक दगडावर आणि ट्रेलरचं दुसरं चाक खड्ड्यात असताना ही जोडणी मुक्तपणे फिरते, गोळ्याचा हूक तेवढा वळत नाही. तुमचा प्रवास फक्त डांबरीवर असेल तर गोळा लावा, शांतता मिळेल. दोन्हीत सुरक्षेच्या साखळ्या ट्रेलरच्या पुढच्या ओढायच्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे जोडणी सुटलीच तर दांडा त्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही.

वायरिंग पूर्ण नवी. मूळ यंत्रणा २४ व्होल्टची आणि १२ पिनांच्या लष्करी प्लगची, आमची गाडी १२ व्होल्टची. मागच्या दिव्यांची जाड लोखंडी घरं मी तशीच ठेवली आणि आत १२ व्होल्टचे एलईडी बसवले, पुढे ७ पिनांचा प्लग. अर्थिंगची स्वतंत्र वायर प्रत्येक दिव्यापर्यंत नेली. कडी आणि हुकाच्या भरवशावर अर्थिंग सोडलं तर ग्रीस आणि गंज मध्ये आले की दिवे मिणमिणायला लागतात. एलईडी वीज कमी घेत असल्यामुळे काही गाड्यांना बल्ब गेलाय असं वाटतं आणि इंडिकेटर भराभर लुकलुकतो. त्यासाठी एलईडीला चालणारा फ्लॅशर किंवा जोडीला रेझिस्टर लावावा लागतो.

वरचं छत सुती कॅनव्हासचं, लोखंडी कमानींवर. नवा कॅनव्हास शिवून झाला की पहिल्या पावसात शिवणीतून गळतो, म्हणून आधीच त्याला पूर्ण भिजवून ताणून वाळवायचा. धागा फुगतो आणि सुईची भोकं बुजतात. आम्ही हे दोनदा केलं आणि नंतर शिवणींवर मेण घासलं. ओला घडी घालायचा नाही, बुरशी लागते. धुळीचं मात्र कॅनव्हासला जमत नाही. चालत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूळ मागच्या कडेखालून आत ओढली जाते. कपडे आणि अंथरुणं रबरी पट्टीच्या झाकणबंद पेट्यांत गेल्यापासून तक्रार नाही.

भरण्याची रीत: पाणी आधी, तळाला, आसाच्या थोडं पुढे. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि पाचजणांचं पाणी हाच सगळ्यात मोठा भार. वीस लिटरचे जेरीकॅन घेतले कारण त्यांना तीन मुठी असतात. भरलेला कॅन दोघांना मिळून उचलता येतो आणि रिकामे दोन एका हातात येतात. मुलं जोडीने पाणी आणतात. निघण्याआधी दांड्याखाली वजनकाटा ठेवून हुकावर येणारा भार बघते, एकूण वजनाच्या साधारण दहावा भाग. तो कमी पडला तर ट्रेलर मागे नागमोडी डोलायला लागतो. तसं झालं तर ब्रेक दाबू नका, वेगही वाढवू नका. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडा. वेग आम्ही ताशी ७० च्या आतच ठेवतो. या ट्रेलरला फक्त उभं करण्यापुरता हँडब्रेक आहे, थांबवायचं सगळं काम गाडीचं.

रिव्हर्स हा याचा खरा अवघड भाग. दांडा आखूड, त्यामुळे स्टिअरिंग जरा फिरलं की ट्रेलर झपकन आडवा होतो. छत काढलेलं असेल तर तो गाडीपेक्षा इतका बुटका आणि अरुंद आहे की आरशात दिसतच नाही. मागच्या दोन कोपऱ्यांवर उंच काठ्या आणि त्यांना लाल फडकी लावली, तेव्हापासून तो केव्हा वळतोय ते कळतं. जागा फारच अवघड असेल तर सोडवून हाताने ढकलतो. पुढच्या मूळ टेकूच्या पायाला चाक नव्हतं, ते बसवून घेतलं. माझ्या मते सगळ्या बदलांत सर्वात उपयोगी हाच.

ट्रेलरवर तंबूची मचाण का नाही, असं बरेच जण विचारतात. मचाण, तिची चौकट आणि गाद्या मिळून भाराचा मोठा हिस्सा खातात आणि वजन उंचावर नेतात. आम्ही जमिनीवरच तंबू ठोकतो. सामान उतरलं की हौदा मोकळा, आणि तो मुलांचा. बुचं लावून त्यात पाणी भरून ती तासन्‌तास डुंबतात, संध्याकाळी बुचं काढली की हौदा धुऊन निघतो. पण मुलं चढण्याआधी मागच्या बाजूला दोन टेकू लावाच. पुढे एकच पाय असल्यामुळे मागच्या काठावर भार आला की ट्रेलर मागे उलटतो. हँडब्रेक आणि चाकांना ठोकळेही हवेतच.

उभा असताना बुचं कायम उघडी ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी आत साचून पुन्हा गंजाला सुरुवात. ओढा ओलांडतानाही विचार करून लावा: बुचं बंद असली की ट्रेलर खरंच तरंगतो, आणि पाण्याला ओढ असेल तर तो गाडीला बाजूला खेचतो. आम्ही वाहत्या पाण्यात ती उघडीच ठेवतो, पेट्या बंद असल्यामुळे आतल्या वस्तू कोरड्या राहतात.

ट्रेलरची ओळखपाटी आणि विक्रीचे कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. त्यांच्याशिवाय नोंदणी अडकते. आणि हौद्याचा तळ कुजला असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा. चाकं, दिवे, कापड, बेअरिंग सगळं नवं मिळतं, हौदा मात्र जुनाच चांगला हवा. पुढच्या मोसमाआधी आमच्या यादीत हँडब्रेकच्या केबल बदलणं आणि कमानींना दोन जादा आडव्या दांड्या लावणं एवढंच आहे, कारण जोराच्या पावसात छताच्या मध्यावर पाण्याचा फुगा धरतो.