महाडीबीटी पोर्टल: योजना भक्कम, पैसा उशिरा

मुलीला बाहेरगावी इंजिनिअरिंगला पाठवायचं की गावाजवळच्या कॉलेजात बीएस्सीला घालायचं, हे बहुतेक घरांत कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या चालू असतानाच ठरतं. शिष्यवृत्ती आणि फी सवलतीसाठी राज्य सरकारचं पोर्टल असलेल्या महाडीबीटीचा अर्ज मात्र प्रवेश झाल्यावर भरायचा असतो. त्यामुळे आपण कोणत्या योजनेत बसतो हे आधीच माहीत असलेल्या घरालाच त्या पैशाच्या भरवशावर निर्णय घेता येतो.

योजना खरोखर चांगल्या आहेत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी निम्मंच मिळायचं. प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्याला हा लाभ नाही. विकास शुल्क, मेस आणि खोलीभाडं घरूनच भरायचं, आणि बाहेरगावचा बेत बहुधा तिथेच मोडतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेतून मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. घरचं उत्पन्न मात्र अडीच लाखांच्या आत हवं. फी माफीइतकीच ही रक्कमही मोलाची आहे, पण तिची चौकशी फार कमी जण करतात.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून एप्रिल-मेमध्येच नवा काढा. निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात. आधारवरचं नाव दहावीच्या मार्कशीटशी अक्षरशः जुळतं का पाहा. कागद स्कॅन करताना प्रत्येक फाइल १५ ते २५६ केबीत बसवावी लागते. आकार फार उतरवला की शिक्का वाचता येत नाही आणि अर्ज परत येतो. कॉलेजचा लिपिक, मग प्राचार्य, मग विभाग अशी तपासणी होते. परत आलेला अर्ज दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवला नाही तर त्या वर्षाचा लाभ बुडतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणही स्वतःच करायचं, आपोआप काही होत नाही.

सर्वात जास्त पैसा अडतो तो बँकेत. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे ते खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, नोंदलेलं असणं वेगळं. रक्कम सर्वात अलीकडे नोंदलेल्या खात्यातच जाते, मग अर्जात कुठलाही खाते क्रमांक असो. आधार देऊन मोबाइलवर नवं खातं उघडलं की ही नोंद तिकडे सरकू शकते. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ अर्जाआधी एकदा आणि मंजुरीनंतर एकदा तपासा.

योजनांना पाचपैकी साडेचार, वेळेवर पैसे देण्याला दोन. पहिल्या सत्राच्या राहण्या-जेवण्याची तजवीज शिष्यवृत्तीवर विसंबून करू नका. फी माफीच्या भरवशावर प्रवेश मात्र जरूर घ्या.