वर्डप्रेस: 'ॲप्ट'ने बसवावे की हाताने?

नेरूळमधल्या आमच्या सोसायटीच्या कार्यालयात एक जुना डेस्कटॉप आहे. एका सभासदाने घर बदलताना तो सोसायटीला देऊन टाकला, मी त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली घातली, आणि त्या एकाच यंत्रावर वर्डप्रेस हा साइट चालवणारा प्रोग्राम दोन्ही पद्धतींनी बसवून पाहिला: आधी डेबियनच्या भांडारातले तयार पॅकेज 'ॲप्ट' या प्रोग्राम बसवणाऱ्या आज्ञेने, आणि काही महिन्यांनी वर्डप्रेसच्या संकेतस्थळावरची टार फाइल, म्हणजे सगळ्या फाइलींचे एक गाठोडे, उतरवून हाताने. साइटवर सूचना, सभांची इतिवृत्ते आणि टाकी सफाईच्या तारखा एवढाच मजकूर असतो, तोही इमारतीच्या वायफायपुरता. त्यामुळे मोठे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना माझे मत पटेलच असे नाही.

बसवण्याच्या दिवशी पॅकेजच सरस ठरते, हे आधी मान्य केले पाहिजे. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेले आहे त्या पीएचपीचे लागणारे भाग आपोआप येतात, डेटाबेस तयार करणारी छोटी स्क्रिप्ट सोबतच्या उदाहरणांत सापडते, आणि चहा थंड होण्याआधी साइट उभी राहते. शिवाय मूळ प्रोग्रामच्या फाइली रूटच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य वापरकर्त्याच्या, मालकीच्या राहतात. एखाद्या सदोष प्लगिनमधून, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडलेल्या भागातून, कोणी आत शिरलाच, तरी वेब सर्व्हरच्या हातून मूळ कोड बदलला जाणे अवघड असते. हाताने बसवताना हे सगळे आपल्यावर येते. वेब सर्व्हर ज्याच्या नावाने चालतो त्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या वापरकर्त्याला फोल्डरची मालकी द्यायची राहून गेली, तर प्लगिन टाकताना वर्डप्रेस एफटीपीचा, म्हणजे फाइली पाठवण्याच्या एका सेवेचा, पासवर्ड मागू लागते. मला पहिल्यांदा तो प्रश्न दिसला तेव्हा मी खरोखरच एफटीपी सर्व्हर बसवायला निघालो होतो. मालकी बदलण्याची एक आज्ञा दिल्यावर तो प्रश्न पुन्हा आला नाही, पण संध्याकाळ गेली ती गेलीच.

असे असूनही मी पॅकेज काढून टाकले, आणि त्याचे कारण एका फाइलचे नाव आहे. डेबियनचे पॅकेज वर्डप्रेस तीन ठिकाणच्या फोल्डरांत विभागते: कोड 'यूएसआर-शेअर'मध्ये, आपला मजकूर 'व्हार-लिब'मध्ये आणि मांडणीची (कॉन्फिग) फाइल 'ईटीसी'मध्ये. या मांडणीच्या फाइलीच्या नावातच साइटचा पत्ता गुंफलेला असतो. ब्राउझरमधून ज्या पत्त्याने साइट मागितली जाईल, त्याच पत्त्याच्या नावाची फाइल शोधली जाते. एकाच कोडवर अनेक साइट चालवता याव्यात हा त्यामागचा हेतू, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र ज्या घरात राउटर प्रत्येक यंत्राला मनाला येईल तो आकडी पत्ता वाटतो, तिथे ही व्यवस्था फार त्रास देते.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून मी ताळेबंद साइटवर ठेवला होता. त्याच आठवड्यात एका रात्री वीज गेली, राउटर नव्याने सुरू झाला, आणि १९२.१६८.१.७ वर असलेला डेस्कटॉप सकाळी १९२.१६८.१.१४ वर निघाला. मी नवा पत्ता ग्रुपवर टाकला आणि कामावर गेलो. दुपारी खजिनदार काकांनी पडद्याचा फोटो पाठवला. 'कॉन्फिग-१९२.१६८.१.१४' आणि 'कॉन्फिग-१६८.१.१४' या दोन्हींपैकी एकही फाइल सापडली नाही, असा इंग्रजीतला संदेश होता, आणि खाली काकांचा प्रश्न: "अहो, हे १६८ काय आहे? आपल्याकडे १६८ नंबरचा फ्लॅटच नाही." पॅकेज पत्त्यातला पहिल्या टिंबापर्यंतचा भाग कापून दुसरे नाव शोधते, उपडोमेनसाठी, म्हणजे मुख्य नावाआधी जोडलेल्या नावांसाठी, ते सोयीचे आहे, आकड्यांच्या पत्त्यावर त्याला काहीच अर्थ उरत नाही. काकांना हे फोनवर समजावता आले नाही, आणि खरे तर समजावण्याची वेळच येऊ नये.

जुन्या फाइलीला नव्या नावाचा दुवा जोडून मी तो संदेश घालवला. त्यानंतरही पान उघडेना, कारण डेटाबेसमध्ये जुना पत्ता साठवलेला होता आणि वर्डप्रेस प्रत्येकाला तिकडेच पाठवत होते. ही दुसरी अडचण हाताने बसवलेल्या वर्डप्रेसलाही तशीच येते, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. फरक एवढाच, की तिथे मांडणीची फाइल एकच असते आणि तिचे नाव बदलत नाही. तिच्यात 'डब्ल्यूपी-होम' आणि 'डब्ल्यूपी-साइटयूआरएल' यांच्या दोन ओळी अशा लिहिता येतात, की ब्राउझरने जो पत्ता मागितला तोच साइटचा पत्ता मानला जाईल. लेखांतल्या चित्रांचे दुवे पूर्ण पत्त्यासह साठवलेले असतात, तेवढे मला एकदा बदलून घ्यावे लागले. राउटरमध्येच पत्ता राखून ठेवावा, असे जाणकार सुचवतील. सूचना योग्य आहे; आमच्या राउटरचा पासवर्ड केबलवाल्याकडे असतो आणि तो फोन उचलत नाही.

अद्ययावत राहण्याच्या बाबतीत मला दोन्हींपैकी एकाचीच बाजू घ्यावीशी वाटत नाही. डेबियन आवृत्ती गोठवते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मागाहून त्यात बसवते. शांतपणे चालणाऱ्या साइटला ते पुरते, फक्त एखादे नवे प्लगिन जुन्या आवृत्तीवर बसायला नकार देते. हाताने बसवलेले वर्डप्रेस छोट्या सुधारणा स्वतःहून घेते. ही सोय २०१३ मधल्या ३.७ या आवृत्तीपासून आहे. बॅकअपसाठी मात्र एक फोल्डर आणि डेटाबेसची एक प्रत एवढेच पेन ड्राइव्हवर घ्यायचे, हे तीन ठिकाणे लक्षात ठेवण्यापेक्षा मला सोपे जाते. डॉकरचा, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात चालवण्याचा, तिसरा मार्ग मी बाजूला ठेवला, कारण समितीत माझ्यानंतर येणाऱ्याला आणखी एक थर समजावून सांगण्याची माझी तयारी नाही.

तुमच्या साइटला कायमचे डोमेन नाव असेल, एकाच यंत्रावर अनेक साइट चालवायच्या असतील आणि सगळे काही 'ॲप्ट'च्या एका आज्ञेत अद्ययावत व्हावे असे वाटत असेल, तर पॅकेज घेण्यात काहीच वावगे नाही. घरातला किंवा कार्यालयातला एखादा डेस्कटॉप असेल, तर एक संध्याकाळ जास्त घालवून टार फाइलच उघडावी, असे मी सुचवेन. फक्त ती साइट पुढे कधी इंटरनेटवर खुली करणार असाल, तर मागेल तो पत्ता मानणाऱ्या त्या दोन ओळी आधी काढाव्यात आणि त्यांच्या जागी खरा पत्ता लिहावा.