बेनी-पेनी, मटिल्डा-क्लेमी की मो-जो? भावंडांचं पहिलं कॉमिक निवडताना

घरात नुकतंच इंग्रजी वाचू लागलेलं एक मूल असेल आणि त्याच्या पुस्तकात डोकं खुपसणारं दुसरं, तर भावंडांच्या खेळावरचं कॉमिक दोघांनाही पुरतं. चौकटीत जे चाललेलं असतं ते सकाळीच हॉलमध्ये घडून गेलेलं असतं, त्यामुळे एखादा शब्द अडला तरी गोष्ट अडत नाही. इथे तुलना आहे ती अमेरिकेतल्या टून बुक्सच्या तीन पर्यायांची. फ्रान्स्वाज मूली यांनी २००८ साली सुरू केलेली ही प्रकाशनसंस्था खास नवशिक्या वाचकांसाठी कॉमिक्स काढते.

आधी त्यांच्या पातळ्या समजून घ्या, कारण बहुतेक जण त्या आकड्यावरच पुस्तक उचलतात. पातळी १ मध्ये साधारण २०० ते ३०० सोपे शब्द आणि पानाला एक-दोन चौकटी असतात. पातळी २ मध्ये शब्द ३०० च्या पुढे जातात, पानाला चारपर्यंत चौकटी येतात, पात्रं मोजकी आणि जग अंगणाएवढं. पातळी ३ मध्ये शब्द ८०० ते १००० किंवा जास्त, वाक्यं लांब आणि चौकटींची गर्दी. ‘बेनी अँड पेनी’ आणि ‘द बिग वेट बलून’ दोन्ही पातळी २ ची, ‘मो अँड जो’ पातळी ३ चं. पण पातळी २ ची ही दोन पुस्तकं मुलाकडून सारख्याच गोष्टी मागत नाहीत. फरक शब्दसंख्येत कमी, आणि भावंडांपैकी कोण कुणाशी कसं वागतं यात जास्त आहे.

जेफ्री हेज यांचे बेनी आणि पेनी हे उंदीर भाऊ-बहीण. बेनी मोठा, डोक्यावर समुद्री चाच्याची टोपी. पेनी धाकटी, सतत मागे. ‘जस्ट प्रिटेंड’ (२००८) मध्ये बेनीला एकट्याने चाचा-चाचा खेळायचंय आणि पेनी काही पिच्छा सोडत नाही. शेवटी तो तिला लपाछपीच्या नावाखाली कटवतो, मग तिच्यावाचून त्यालाच करमेनासं होतं. कथा एवढीच, आणि पहिल्या वाचनाला एवढीच हवी. दोनच पात्रं असल्यामुळे कोण बोलतंय हे संवादाच्या फुग्याच्या शेपटीवरून शोधायची सवय इथे सहज लागते. रंगीत पेन्सिलींची चित्रं मऊ आहेत आणि चेहरे स्पष्ट: रुसवा वाचता आला की वाक्याचा अंदाज येतो.

मालिकेत क्रम महत्त्वाचा. ‘जस्ट प्रिटेंड’नंतर ‘द टॉय ब्रेकर’ (२०१०) द्या. त्यात बो नावाचा कझिन येतो आणि हाताला लागेल ते खेळणं मोडतो. इंग्रजीत तो नुसता कझिन; मराठीत वाचून दाखवताना मामेभाऊ की आतेभाऊ हे तुम्हीच ठरवायचं. सुट्टीत कोण येणार आहे ते पाहून ठरवलंत तर हशा पिकतो. ‘द बिग नो-नो!’ला २०१० चा गायसेल पुरस्कार (नवशिक्या वाचकांच्या पुस्तकांसाठीचा अमेरिकी पुरस्कार) आहे, म्हणून ते आधी घ्यायचा मोह होतो. पण त्यात शेजारी नवं मूल राहायला आलंय, हरवलेल्या बादलीचा संशय त्याच्यावर आहे आणि भावंडं कुंपण ओलांडून पलीकडे जातात. पात्रांना वाटतं ते खरं असेलच असं नाही, हे मुलाला उमगायला हवं. पाच वर्षांच्या मुलाला हे धरून ठेवणं जड जातं, म्हणून तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. ‘हाउ टू से गुडबाय’ (२०१६) मात्र नीट विचार करूनच द्या, त्यात मेलेलं सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा प्राणी) सापडतं.

‘द बिग वेट बलून’ (२०१३) अर्जेंटिनाचे चित्रकार लिनिएर्स यांचं. शनिवार, धो-धो पाऊस. मटिल्डा धाकट्या क्लेमीला पावसाची मजा शिकवायला निघते: गांडुळं, छत्री, जिभेवर झेललेले थेंब. क्लेमीला भिजायलाच आवडत नाही. इथे भांडण नाही, ताईगिरी आहे. क्लेमी अगदी लहान असल्याने तिच्या वाट्याला बोलणंही थोडंच, आणि हाच याचा मोठा उपयोग. मोठ्या मुलाने मटिल्डा वाचायची आणि अक्षरओळख नसलेल्या धाकट्याने क्लेमीचे शब्द पाठ करून वेळेवर टाकायचे. दोन वाचनांत जमतं. जूनमध्ये आणलंत तर पुढचं पुस्तकच सांगेल. उणीव म्हणाल तर घटना कमी, ‘पुढे काय?’ विचारणारं मूल मध्येच उठतं.

‘मो अँड जो: फायटिंग टुगेदर फॉरएव्हर’ (२००८) जे लिंच आणि डीन हॅस्पिएल यांचं. मोना आणि जोई सुपरहिरोच्या एका पोशाखावरून भांडतात, तो फाटतो आणि आई त्याचे दोन पोशाख शिवते. सात-आठ वर्षांच्या, आधी दहा-बारा कॉमिक्स वाचलेल्या मुलाला हे जाम आवडेल. त्याआधी दिलं तर मूल चित्रं पाहत पानं उलटतं आणि ‘वाचून झालं’ म्हणतं. ठोसेही आहेत, धाकटं बघत असेल तर त्याची तालीम होणारच.

पातळी जुळते का, हे पाहताना एका पानावर पाच शब्द अडले की पुस्तक कठीण, ही बोटांची कसोटी इथे लावू नका. कॉमिकच्या पानावर मुळात शब्दच वीस-तीस. सलग तीन पानं वाचायला द्या. प्रत्येक पानावर दोनहून जास्त शब्द अडले तर आधी तुम्ही वाचून दाखवा. इंग्रजी कॉमिक्समध्ये बरेचदा सगळी अक्षरं कॅपिटल असतात. फक्त स्मॉल अक्षरं पक्की झालेलं मूल तिथे ठेचकाळतं, म्हणून कुठलंही कॉमिक घेताना आतलं पान उघडून बघा.

सगळ्यात जास्त घोटाळा फुग्यांच्या क्रमात होतो. एका चौकटीत दोन फुगे असले की मूल मोठा किंवा जवळचा फुगा आधी वाचतं, आणि उत्तर प्रश्नाच्या आधी येतं. वरचा आधी, मग डावा, हे सांगून भागत नाही. बोट फुग्यावर न ठेवता शेपटीच्या टोकावर, म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडापाशी न्या आणि ‘आता कोण बोलतंय?’ विचारा. आठवड्याभरात मूल स्वतःच शेपटी शोधतं.

मराठीतून वाचून दाखवणार असाल तर पेनीने बेनीला नावाने हाक मारू नये, ‘दादा’ म्हणावं. मटिल्डा क्लेमीची ‘ताई’. परदेशातल्या घरांत, जिथे मूल इंग्रजी सहज वाचतं पण मराठी बोलताना अडखळतं, तिथे उलट करा: मुलाने चौकट इंग्रजीत वाचायची आणि तीच मराठीत सांगायची. याला बेनी-पेनी सर्वांत सोयीचं, कारण वाक्यं छोटी आणि भांडणाची आहेत. ‘मला पण घे ना’ आणि ‘तू नको येऊस’ या दोन वाक्यांवर अर्धं पुस्तक निभावतं.

एकच घ्यायचं असेल तर मोठं मूल धाकट्याला खेळात घेत नसेल तिथे ‘जस्ट प्रिटेंड’, आणि धाकटं तीनच्या आत असेल तर ‘द बिग वेट बलून’.