पिवळट लाइम की हिरवा लाइम?

संस्थेच्या बोधचिन्हासाठी लाइम, म्हणजे लिंबाच्या सालीसारखा पिवळसर हिरवा रंग ठरला, पण छटेवर गाडी अडली; दोन्हींपैकी कोणती घ्यावी, असा प्रश्न एका मैत्रिणीने विचारला. एक छटा पिवळट (पडद्यावरच्या ० ते २५५ मापात लाल १९१, हिरवा २५५, निळा ०), दुसरी हिरवट (५०, २०५, ५०).

लांबून दिसण्यात पिवळट छटा सरळ पुढे आहे. उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. रस्त्यावरच्या कामगारांची जॅकेटं आणि टेनिसचा चेंडू याच घराण्यातले. विम्बल्डनने १९८६ साली पांढरा चेंडू सोडून हाच रंग घेतला. त्यामुळे या छटेला खेळ आणि सावधगिरी, दोन्हींचा वास चिकटलेला आहे. हिरवट लाइम त्यामानाने पालवीची आठवण देतो.

अक्षरांचं म्हणाल तर दोन्हींवर पांढरी अक्षरं टाकूच नका. सुवाच्यतेसाठी किमान ४.५ पट कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, लागतो. पिवळटवर तो जेमतेम १.२ भरतो, हिरवटवर २.१. काळी अक्षरं मात्र दोन्हींवर उत्तम.

छपाईत खरी गोची आहे. नेहमीच्या चार शाईंत पिवळट लाइमची चमक उतरतच नाही, रंग मंद पडतो. ती हवी तर वेगळी फ्लुरोसंट शाई लागते, आणि ती उन्हात लवकर विटते. हिरवटही थोडा मंदावतो, पण ओळख टिकते.

पडदा, जर्सी, सूचनाफलक यांसाठी पिवळट घ्या. पुस्तिका, लेटरहेड, भिंत यांसाठी हिरवट. मैत्रिणीचं बरंच काम कागदावरचं आहे, म्हणून तिला मी हिरवटच सुचवला.