नव्या घराचं इंटिरियर: पॅकेज घ्यावं की एकेक वस्तू जमवावी?

फ्लॅटचा ताबा मिळाला की दोन तऱ्हेचे सल्ले सुरू होतात. सगळं एकाच इंटिरियरवाल्याला देऊन टाका, दोनेक महिन्यांत घर तयार, हा एक. आधी राहायला जा, मग लागेल तसं घ्या, हा दुसरा. आम्ही दुसऱ्या वाटेने गेलो. पण त्याआधी बरीच वर्षं पूर्ण फर्निश्ड भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढल्यामुळे पहिल्या वाटेचं सुखदुःखही चांगलं माहीत आहे. प्लाय, लॅमिनेट, एमडीएफ यांतला फरक तुम्ही चार कोटेशनं घेता घेता शिकलाच असाल, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही.

पॅकेजच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. सुतार, इलेक्ट्रिशियन, रंगारी यांच्यामागे आपल्याला धावावं लागत नाही. काही बिघडलं तर एकालाच फोन करायचा. छोट्या टू बीएचकेमध्ये सामान ठेवायला जागा काढावी ती या लोकांनीच. बेडखाली, लॉफ्टवर, खिडकीखालच्या बैठकीत, कुठे कुठे कप्पे निघतात. दोघंही नोकरी करणारे असाल, घरात लहान मूल असेल, तर याचं मोल मोठं आहे. कोटेशनच्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागणार आहे का, एवढं मात्र आधी विचारून घ्या.

माझ्यासाठी पारडं फिरलं ते वेगळ्याच कारणाने. त्या फर्निश्ड फ्लॅटमधलं काहीच जागचं हलत नव्हतं.

त्या भाड्याच्या घरात हॉलची एक अख्खी भिंत टीव्ही युनिटने व्यापलेली होती, जमिनीपासून छतापर्यंत, मागे पॅनेल. समोर इंग्रजी एल आकाराचा सोफा, बाजूच्या भिंतीला क्रॉकरी युनिट. दिसायला देखणं. येणारा प्रत्येक जण कौतुक करायचा. पण भाद्रपद आला की आमच्यासमोर प्रश्न उभा राहायचा: गणपती बसवायचा कुठे? टीव्ही युनिट भिंतीत ठोकलेलं, सोफा दारातून बाहेर निघत नाही. मग चौरंग बेडरूमच्या दाराशेजारी, पॅसेजच्या तोंडाशी. आरतीला निम्मी माणसं पॅसेजमध्ये उभी, त्यांना मूर्ती दिसत नाही. बेडरूममध्ये जाणाऱ्याने मखराला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून जायचं. आमच्याकडे गौरी उभ्याच्या असतात. त्यांना दोन स्टँड, पुढे फराळाची ताटं, ओवशाची सुपं एवढी खोली लागते. त्या कोपऱ्यात ते बसायचं नाही आणि दरवर्षी आई एकेक ताट मागे घ्यायची. माळ सोडायला खिळा ठोकावा तर पॅनेल खराब होईल म्हणून चिकटपट्टी, आणि ती दुसऱ्या दिवशी सुटलेली. आजी-आजोबांच्या फोटोचंही तेच. लावायला एक साधी रिकामी भिंत उरलेली नव्हती.

हा त्रास वर्षातून दहा दिवसांचा आहे, असं कुणी म्हणू शकेल. मला तो तेवढाच वाटला नाही. बारसं, केळवण, आजारी माणसाची खाट हॉलमध्ये आणणं, मुलाचं अभ्यासाचं टेबल खिडकीशी सरकवणं, हे सगळं घरात होतच असतं. घराने आपल्याप्रमाणे थोडं बदलावं, ही माझी अपेक्षा होती.

म्हणून स्वतःचं घर झालं तेव्हा स्वयंपाकघर आणि बेडरूमचं कपाट एवढंच पक्कं करून घेतलं आणि हॉल रिकामा ठेवून राहायला गेलो. सतरंजी, दोन गाद्या, लोड. राहायला लागल्यावरच कळतं की दुपारचं ऊन कुठपर्यंत येतं, आई भाजी निवडायला कुठे बसते, पेपर वाचायला कुठला कोपरा बरा. जिथे माणसं आपणहून बसली, तिथे आम्ही पुढे खुर्च्या मांडल्या. हे कुठल्याही थ्रीडी चित्रात दिसत नाही.

नंतर जुनं सागवानी सामान शोधायला लागलो. मुंबईकरांना जोगेश्वरीचं ओशिवरा आणि चोरबाजार आहेच (चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटला शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात). पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार आहे, पण मोठं कपाट-पलंग पाहिजे असेल तर नातेवाइकांत विचारलेलं बरं. पेठांमधले वाडे पाडताना निघणारं लाकूडही मिळतं. नव्या सागापेक्षा मला ते जास्त भरवशाचं वाटतं. वर्षानुवर्षं वाळलेलं, जे काही वाकायचं-पिळायचं ते कधीच होऊन गेलेलं.

घेताना एक करा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा करा. वरून पॉलिश कसंही चढवता येतं, खालच्या बाजूला कुणी हात लावलेला नसतो. तिथे बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर भुंगा अजून आत आहे. भोकं काळपट पडली असतील आणि भुसा नसेल तर बहुधा जुनी गोष्ट आहे, औषध भरून बुजवता येतात. खालचं लाकूड जरा खरवडून रंगही बघा. साग म्हणून दुसरंच लाकूड रंगवून विकणारे आहेत. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही, पण कडेचा पांढरट भाग खाते. आणि पॉलिश पावसाळ्यात करून घेऊ नका. लाखेचं स्पिरिट पॉलिश दमट हवेत पांढरं पडतं. आम्ही दिवाळीनंतर करून घेतलं. पॉलिशवाल्याने चिंधीच्या बोळ्याने हात मारत मारत आणलेली झळाळी अजून टिकून आहे.

त्रास या वाटेवरही आहेत, ते लपवत नाही. जुनं कपाट लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्याने चढवायला हमाल लागतात. जुन्या पलंगाचं माप आजच्या तयार गाद्यांना जुळत नाही. आम्ही गादीवाल्याकडून कापसाची बनवून घेतली. पावसात ड्रॉवर फुगून अडतात, त्यांना मेण चोळावं लागतं. मुख्य म्हणजे वेळ जातो. बरेच महिने आमचा हॉल अर्धवट होता आणि आल्यागेल्याला ते सांगत बसावं लागायचं.

जुनं दिसलं की आणलं, असंही करू नये. वापरात येणार नसेल तर पितळी घंगाळ हॉलमध्ये ठेवून घर आपलं वाटायला लागत नाही. आईच्या माहेरची, वाईची लाकडी मांडणी आम्ही आणली, कारण पुस्तकांना जागा हवीच होती. पूर्वी डबे असायचे त्या फळ्यांवर आता दिवाळी अंक आहेत. वरच्या फळीवर डब्यांच्या बुडाची गोल वळं उठलेली आहेत. पॉलिशवाला ती घासून काढणार होता, आईने थांबवलं. घरात येणाऱ्याचा हात आधी तिथेच जातो.

घर भाड्याने द्यायचं असेल, तुम्ही परगावी असाल, किंवा लग्नघर म्हणून तारीख गाठायची असेल, तर पॅकेजच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. स्वयंपाकघराच्या बाबतीत तर मी सगळ्यांनाच मॉड्युलर सुचवेन, फक्त सिंकखाली आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय मागा. तिथे एमडीएफ एकदा पाण्याने फुगलं की पूर्ववत होत नाही. पण स्वतः राहणार असाल आणि चार-सहा महिने अर्धवट हॉल चालणार असेल, तर माझा कौल हॉल मोकळा ठेवण्याला आहे.

तसं ठरवलंत तर रंगकाम सुरू होण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि हॉलच्या प्रत्येक भिंतीवर दोन तरी प्लग पॉइंट काढून घ्या. टीव्हीची केबलही समोरासमोरच्या दोन्ही भिंतींपर्यंत नेऊन ठेवा. बिल्डरने सगळे पॉइंट एकाच भिंतीवर दिलेले असतात आणि मग सामान हलतं असूनही हलवता येत नाही.